रातच्या लाइनीतले पिक्चर

दारव्ह्याच्या बाजारात भेटणारे, पोराच्या शाळेतले गुरुजी, परवा तर बियाण्याच्या दुकानातला माणूससुद्धा, सगळे एकच विचारतात: "भाऊ, वावर सांभाळून एवढे पिक्चर पाहता कधी? आन् यंदाच्यात चांगला कोणता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

कधी, तर रातच्या लाइनीत. आमच्या फीडरवर मोटरची थ्री फेज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दहाच्या पुढं वावरात जायचं ते पहाटेपर्यंत. मोटरला ऑटो लावलाय, ती आपली आपण सुरू होते. स्प्रिंकलरचे पाइप मात्र आपले आपण सरकत नाहीत. चन्याला एका जागी तीन तास पाणी झालं की मोटर बंद करा, पाइप सोडा, चिखलातून पुढच्या पट्ट्यात न्या, जोडा, पुन्हा सुरू करा. मधल्या तीन तासांत रानडुकरांसाठी जागली करायचीच असते, झोपून भागत नाही. मग मोबाइल काढायचा. विहिरीजवळ रेंज नाही, म्हणून संध्याकाळी घराच्या स्लॅबवर चढून पिक्चर उतरवून ठेवतो. जुना हिंदी पिक्चर आणि स्प्रिंकलरची पाळी बरोबर एका मापाची. नवे दोन तासांत संपतात आणि उरलेला तास थंडीत कुडकुडत काढावा लागतो. हल्लीच्या पिक्चरांबद्दल माझी मोठी तक्रार एवढीच.

पाण्याची एक वही ठेवतो. "चना, दुसरं पाणी, वरचा पट्टा" असं लिहिलं की पुढं पिक्चरचं नाव. दिवाळी 2024 ते दिवाळी 2025, मोजले तर 47 भरले. त्यातले 38 एकट्या हिवाळ्यातले. जून ते सप्टेंबर फक्त चार. डवरणी, निंदण, फवारणीच्या दिवसांत रात्री ताटावरच डोळे मिटतात. एका नोंदीपुढं "पट्टा जास्त भिजला" असं आहे. पिक्चर रंगला, पाळी चुकली आणि तेवढा चना पिवळा पडला. त्या पिक्चरचं नाव घरी अजून सांगितलेलं नाही.

थेटरात वर्षात एकदाच गेलो. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' लागला, तेव्हा गावातली वीसेक माणसं मालाच्या गाडीत बसून यवतमाळला गेली. माय पण आली. शेवटचा अर्धा तास तिनं पदर डोळ्यांवर धरून काढला. गंमत म्हणजे पिक्चरच्या धंद्यात आमच्या भागाला अजून 'सीपी-बेरार'च म्हणतात. त्या नावाचा प्रांत 1950 सालीच संपला, धंद्याच्या हिशेबात टिकून आहे.

आता चांगला कोणता. माझी पद्धत अशी की सकाळी चहाला बसलो की रात्रीचा पिक्चर मायला सांगायचा. ती मोबाइलवर पाहत नाही, डोळ्यांत पाणी येतं म्हणते. पण गोष्ट सगळी लागते आणि शेवट तर लागतोच: "मंग थो मेला का शेवटी?" मारामारीचे पिक्चर सांगायला बसलं की चार वाक्यांत संपतात. किरण राव यांचा 'लापता लेडीज' मात्र दोन चहा पुरला. रेल्वेत घुंगटामुळं दोन नवऱ्या बदलतात, हे ऐकून माय म्हणाली, "त्यात काय नवल? म्या तुह्या बापाचं तोंड घरी आल्यावर पायलं." ती लग्न होऊन शकुंतलेनं आली होती, मूर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या गाडीनं. मग पिक्चर राहिला बाजूला, तिची वरातच निघाली.

'कोर्ट' सांगताना मला घाम फुटला. आपल्या नागपूरचे वीरा साथीदार त्यात शाहीर आहेत, फार मोठं काम. पण सांगायचं काय? घडतच काही नाही.

"मंग झालं काय?"

"तारीख."

"मंग?"

"पुढची तारीख."

"मंग बराबर हाये," माय म्हणाली. आमच्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा तिनं जन्मभर पाहिला आहे.

जानेवारीत, घाटे भरतानाच्या पाण्याला, सतीश मनवर यांचा 2009 चा 'गाभ्रीचा पाऊस' पाहिला. इतकी वर्षं मुद्दामच टाळला होता. आपल्याकडचाच शेतकरी, शेजारी आत्महत्या झालेली. बायकोला धसका बसतो आणि ती लहान पोराला त्याच्या मागं मागं धाडत राहते. ते पाहताना मला आमचं एक वर्ष आठवलं. मी सातवीत होतो. कापूस गेला होता. माय रोज दप्तर उतरवायच्या आत म्हणायची, "जाय, बाबासंगं वावरात जाय." मला वाटायचं, अभ्यासातून सुटका. त्या साली फवारणीचं औषध आमच्या घरात नसायचं, शेजारच्या काकाजींकडं ठेवलेलं असायचं. कावून, ते मी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी माय तुरी पाखडत होती. नाव ऐकून खूप हसली, "अव माय, आता शिव्यायचे बी पिक्चर!" मी सांगत गेलो. बायको पोराला मागं धाडते, इथवर आलो आणि सूप थांबलं. मी पण थांबलो. तिनं शेवट विचारला नाही.

"चहा निवला तुहा," म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या रात्री टॉर्च घेऊन निघालो, तर माझं पोट्टं स्वेटर, कानटोपी घालून दारात उभं. "आजीनं सांगितलं, संगं जाय." दुसऱ्या पाळीपर्यंत ते खताच्या पोत्यांवर झोपून गेलं होतं. पाइप मी एकट्यानंच बदलले.