खडक लागला की काय करायचं

मंडळी, इथे आल्यावर रविवारी खडकांवर उभं राहून गरवायचा नाद लागलाय. मासा किती वेळा लागला ते विचारू नका, खडक किती वेळा लागला ते विचारा.

आधी माझा लीडर, म्हणजे लाईनीच्या टोकाला आमिषाजवळ बांधतात तो तुकडा, बारीक होता, खडकाला घासून सारखा तुटायचा, मग वैतागून मी एकदम 60 पाउंडांचा ताण सोसणारा फ्लोरोकार्बन (प्लास्टिकसारखी एकसंध तार) बांधला, रीलवरची मेन लाईन मात्र तीच जुनी 20 पाउंडाची ब्रेड, म्हणजे धाग्यांची विणलेली लाईन. म्हटलं आता तुटून दाखव. पुढच्याच रविवारी ल्युअर (हूक लावलेलं नकली आमिष) कपारीत बसला, मी रॉड पार वाकवून ओढतोय ओढतोय आणि फाट्! लीडरला काही म्हणजे काही झालं नाही, तो मजेत ल्युअरसोबत तळाशी. तुटली ब्रेड, तीही पार रीलजवळ, कारण तिथे ती आधीच कुठेतरी घासून तिचे धागे सुटले होते आणि मी बघितलंच नव्हतं. चाळीसेक मीटर लाईन पाण्यात गेली. ल्युअर गेल्याचं एवढं नाही वाटलं, पण त्या लाईनीत एखादा पक्षी अडकणार हे डोक्यातून जाईना.

बाजूला एक आजोबा गरवत होते, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. ते म्हणाले, बाळा, फ्यूजमध्ये जाड तार घातलीस की घरातली वायर जळते, तसंच झालंय हे. ताण आला की जे सगळ्यात कमजोर ते जाणार, मग ते काय असावं हे तू आधीच ठरव ना. त्यांच्या ल्युअरला बारीक तारेचे हूक होते, जोरात ओढलं की हूक सरळ होतो आणि ल्युअर सुटून येतो, मग पक्कडने परत वाकवायचा नाहीतर नवा लावायचा. म्हणजे जाड लीडरचा खरा फायदा हाच, पण हूक नरम पाहिजे आणि ब्रेड त्याला पुरेल एवढी पाहिजे. माझ्याकडे उलटं होतं, हूक दणकट आणि ब्रेड नाजूक.

पण ओढणं शेवटी. ल्युअर अडकला रे अडकला की आपण हिसका मारतो आणि हूक अजून आत बसवतो, तिथेच सगळं बिघडतं. आधी लाईन ढिली सोडायची, तरंगणारा ल्युअर असेल तर बऱ्याचदा आपोआप मागे सरकून वर येतो. नाही आला तर रॉडचं टोक हलकं हलकं थरथरवायचं. मग चालत पलीकडे जाऊन उलट्या बाजूने प्रयत्न करायचा, कारण तो ज्या वाटेने आत शिरला त्याच वाटेने बाहेर निघतो. वाहत्या पाण्यात अजून एक गंमत, भरपूर लाईन सोडली की प्रवाह तिला खाली नेऊन फुगवतो आणि ओढ आपोआप पलीकडून बसते.

एवढं करूनही हलेना तर रॉड थेट ल्युअरच्या दिशेने सरळ धरायचा (वाकवला तर रॉड मोडतो, माझ्या एका मित्राचा मोडलाय), स्पूल (रीलमधली लाईन गुंडाळलेली चकरी) हाताने घट्ट दाबायचा, तोंड फिरवून हळूहळू मागे चालायचं. गॉगल हवाच, कारण सुटलेला ल्युअर गोळीसारखा अंगावर येतो. आणि ब्रेड हाताला गुंडाळायची नाही, मी एकदा गुंडाळली होती, तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे. लाकडाच्या दांड्याला गुंडाळा.

आता मी साखळ्या लावलेलं शिशाचं वजन पण बाळगतो, ते दोरीला बांधून लाईनीवरून खाली सोडायचं, हूक साखळीत गुंततात आणि मग दोरीने खेचायचं, लाईनीवर ताणच नाही. फक्त लीडरची गाठ बोंगाळी असली तर वजनाची रिंग तिथेच अडते, म्हणून गाठ बारीक हवी. आणि ल्युअर जवळपास पायाखाली पाहिजे, लांब फेकलेल्याला याचा उपयोग नाही.

गेल्या रविवारी त्यानेच एक ल्युअर वर काढला. माझा आलाच, सोबत दुसऱ्या कुणाचा तरी गंजलेला ल्युअर, त्याला हातभर जाड लीडर, गाठ अगदी शाबूत, आणि गाठीच्या पुढे बोटभर ब्रेड, टोकाला पिंजारलेली.