मूळव्याध होतीच, पण रक्त तिचं नव्हतं

शौचातून रक्त जात होतं म्हणून दाखवलं. पहिल्या डॉक्टरांचं निदान चुकीचं नव्हतं. त्यांनी बोटाने तपासलं, प्रॉक्टोस्कोप, म्हणजे गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी, घालून पाहिलं, आत मूळव्याधीचे कोंब दिसले. मलम, पोट साफ राहण्यासाठी पावडर, कोमट पाण्यात बसणं, सगळं मी नेमाने केलं. आग गेली, कुंथणं गेलं. रक्त काही थांबेना. पुन्हा दाखवलं तेव्हा मलम बदललं. त्यानंतर उत्तर मिळालं, "मूळव्याध म्हटली की अधूनमधून रक्त जायचंच."

मला हे पटत नव्हतं, कारण मी रोज बघत होते. हे उघडपणे लिहायला संकोच वाटतो, तरी लिहिते, कारण नेमकं इथेच कळतं. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंबथेंब पडतं किंवा धुताना दिसतं. माझं किंचित गडद होतं, शौचात मिसळलेलं, आणि बरोबर शेंबडासारखा चिकट स्राव. वहीत तारीख, रंग, स्राव होता की नाही एवढंच लिहून ठेवायचे.

त्यात जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन 9.4 आलं, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन अगदी तळाला. पाळी बंद होऊन काही वर्षं झालेली. मग हे लोह जातंय कुठे?

दुसरं मत घ्यायचं म्हटलं की डॉक्टरांना राग येईल अशी धास्ती असते. मी सरळ म्हटलं, "डॉक्टर, रक्त थांबत नाहीये आणि हिमोग्लोबिन उतरलंय. आणखी एकांना दाखवावं म्हणते. तुम्ही काय पाहिलंत ते लिहून द्याल का?" त्यांनी दिलं. जावं कोणाकडे, याचाही विचार केला. आधीचे डॉक्टर सर्जन होते. पुन्हा सर्जनकडे न जाता मी पोटविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडे गेले.

त्यांनी फाइलच्या आधी वही वाचली. वजन घटलंय का, शौचाच्या वेळा बदलल्यात का, रक्त पातळ करणाऱ्या किंवा दुखण्यावरच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता का, एकेक विचारत गेले. मग म्हणाले, "मूळव्याध आहे, मान्य. पण सगळं रक्त तिचंच, हे वर बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही." प्रॉक्टोस्कोपने शेवटचे काही सेंटीमीटरच दिसतात. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. हे ऐकलं आणि इतके महिने मनात जे खुपत होतं त्याचा उलगडा झाला.

कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासणं, ठरली. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो व आतलं नीट दिसत नाही. आतडं साफ करायचं औषध आदल्या संध्याकाळी निम्मं, उरलेलं पहाटे. खारट, बुळबुळीत, घोटाघोटाने प्यायचं. शेवटी फक्त पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. तपासणीपेक्षा ही रात्र अवघड, पण तिथे कसर ठेवू नका. आतडं स्वच्छ नसेल तर लहान गाठ नजरेतून सुटू शकते. खुद्द तपासणी गुंगीच्या औषधामुळे मला आठवतही नाही.

सिग्मॉइड भागात, म्हणजे गुदाशयाच्या जरा वर, देठ असलेला जवळपास दोन सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ, निघाला. पडद्यावरचं चित्र त्यांनी दाखवलं: लालसर, छत्रीसारखा, टोकाला ओलं रक्त. त्याच वेळी तारेचा फास टाकून देठापाशी कापून काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार जड गेले. ॲडेनोमा, म्हणजे साधी गाठ होती, कॅन्सर नव्हता, देठाची कड स्वच्छ होती. अशा गाठींपैकी काहींचा पुढे काही वर्षांत कॅन्सर होतो, म्हणून ती निघाली याचं मोल मला कळतं. पुढची कोलोनोस्कोपी 3 वर्षांनी.

रक्त थांबलं. हिमोग्लोबिन हळूहळू वर आलं, लोहाच्या गोळ्या साठा भरेपर्यंत चालूच होत्या. रिपोर्टची एक प्रत पहिल्या डॉक्टरांनाही नेऊन दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि माझ्या फाइलला लावली.

एवढा मोठा ॲडेनोमा निघाला तर सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं पोटविकारतज्ज्ञांनी सांगितलं होतं. धाकटा भाऊ आधी टाळत होता, त्याला काहीच त्रास नाही म्हणून. रिपोर्ट त्याच्या हातात ठेवला, तेव्हा त्याने वेळ घेतली.