एक्झॉस्टच्या दोन बेंडसाठी भोसरीतले हेलपाटे

फॉर्म्युला भारत म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. आमच्या कॉलेजच्या गाडीच्या एक्झॉस्टचं, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं काम माझ्याकडे होतं. इंजिन केटीएम ३९०चं, सिंगल सिलिंडर, ३७३ सीसी. पाइपच्या लांबीचा हिशोब लवकर जमला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपातून निघते आणि पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून कमी दाबाची होऊन उलटी फिरते. दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना ती परत पोर्टपाशी, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी आली, तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० ते ५५० मीटर, म्हणून कोणत्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) फायदा हवा ते ठरलं की लांबी ठरते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेला, २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (हवा अडवणारा अरुंद गळा) लागतो, वरच्या आरपीएमला इंजिन तिथेच गुदमरतं. म्हणून मी मधल्या आरपीएमचा टॉर्क धरला आणि पाइप लांब ठेवला.

अडलं ते बेंडवर. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पाइप, ३८ मिमी बाहेरचा व्यास, दीड मिमी जाडी, ९० अंशाचे फक्त दोन बेंड. भोसरी एमआयडीसीत मॅन्ड्रेल बेंडिंगचं (पाइप दबू नये म्हणून आत दांडा घालून वाकवायचं) मशीन असलेला एक कारखाना सापडला. मालक म्हणाले, "ठेवून जा, परवा ने." परवा गेलो तर डाय (वाकवायचा साचा) दुसऱ्या जॉबवर. नंतर ऑपरेटर गावाला. मग म्हणे, "दोन नगांसाठी सेटिंग नाही परवडत रे बाळा, शंभर नग आण." हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आमचा पाइप तसाच दाराशी पडलेला, वर कुणाची तरी डब्याची पिशवी. स्पर्धेची तारीख कुणासाठी थांबत नाही, आणि माझ्यामागे वेल्डिंग, ट्यूनिंग सगळं खोळंबलेलं. आजही त्या रस्त्याने जाताना डोकं तापतं.

शेजारच्या गाळ्यात साध्या प्रेसवर एक बेंड काढून बघितला. आतल्या बाजूला सुरकुत्या, आणि व्हर्नियर लावला तर ३८चा पाइप एका बाजूने ३१! वायूची वाट नेमकी वळणावर आवळली, तर लांबीचा एवढा हिशोब काय कामाचा?

सुटका केली डेअरीच्या फिटिंग विकणाऱ्या दुकानाने. दूध-औषधांच्या पाइपलाइनला लागणारे ३८ मिमीचे एसएस ३०४ बेंड तिथे तयार मिळतात, आतून गुळगुळीत, व्यास कुठेही न दबलेला. हवे त्या अंशावर कापा आणि जोडा. दुकानातून ते हातात घेऊन निघालो तेव्हा धावत सुटावंसं वाटलं. एक्झॉस्ट करणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथेच जावं, बेंडिंगवाल्याच्या दारात उभंही राहू नये.

वेल्डिंग टिगनेच (आर्गॉन वायूच्या आडोशातलं वेल्डिंग) करा, आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडायला लावा, नाहीतर सांध्याच्या आत काळे खरबरीत दाणे धरतात. वेल्डर कंटाळा करतात, पण उभं राहून करून घ्या. स्पर्धेत आवाजाची मर्यादा आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) १०३ डेसिबल, त्याहून वरच्या आरपीएमला ११०. मफलरमधली ग्लासवूल टेस्टच्या आधी नवी भरा. मोठ्या व्यासाचा पाइप म्हणजे जास्त पॉवर, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, वायूचा वेग मरतो. आणि हो, लॅम्डा सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बॉस, म्हणजे तो बसवायची आट्यांची कडी, पाइपच्या वरच्या अंगाला, तिरका बसवा; खाली लावलात तर थंड इंजिन सुरू करताना पाइपात साचलेलं पाणी सेन्सरवर येतं.