पायमोजे ठेवले तरी चालतात
आज पहिल्यांदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आतून तपासणी करून घेतली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पायमोजे काढायचे की ठेवायचे, इथपर्यंत विचार! (ठेवले. काही बिघडलं नाही.) डॉक्टरबाईंनी आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारली, मग स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग हळूच उघडून आत बघायचं साधन, हातात घेऊन दाखवलं. बदकाच्या चोचीसारखं दिसतं ते. "लहान साइझचं वापरते. दुखलं तर थांबा म्हण, मी लगेच थांबेन." अर्धी भीती तिथेच गेली. श्वास रोखला की खालचे स्नायू आवळतात, म्हणून तोंडाने हळूहळू सोडत राहिले. गार स्पर्श, थोडा दाब, दोन-तीन मिनिटांत संपलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? बाईंना मात्र त्याचं काहीच नव्हतं. बाहेर आले आणि सपाटून भूक लागली.