थेंब आणि तार

सिनेमाचं नाव करारामुळे लिहिता येत नाही. हॉलिवूडचा, 1930च्या दशकातला, कृष्णधवल. धरण फुटतं आणि गाव वाहून जातं. आम्ही गोरेगावात बसून त्याच्यावरची धूळ पुसत होतो. रिस्टोरेशन म्हणजे बटण दाबलं की झालं, असं लोकांना वाटतं. बटण आहेच, सगळा घोळ त्याचाच.

सॉफ्टवेअरचा हिशेब साधा: एका फ्रेमवर दिसतं, मागच्या-पुढच्या फ्रेमवर दिसत नाही, तो कचरा. पण उडालेला थेंबही तसाच वागतो. रात्रपाळीच्या पोरांनी अख्ख्या रिळाला एकच सेटिंग लावलं आणि क्यूसीने, म्हणजे काम तपासणाऱ्यांनीही, डोळे मिटून पास केलं. मला तो पूर कुणीतरी खीर ओतल्यासारखा वाटला. मूळ स्कॅन शेजारी लावून बघतो, तर तुषार गायब.

गंमत अशी की ते थेंबच चुगली करत होते. पाणी खरं, गाव मॉडेलचं. मॉडेल सोळापट लहान असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवायचा, सेकंदाला 24 ऐवजी 96 फ्रेम; मग पडद्यावर पाणी जड होऊन कोसळतं. थेंब मात्र लहान करता येत नाही. अर्ध्या सेंटिमीटरचा थेंब त्या गावात मोसंबीएवढा! 1939च्या सिनेमांसाठी ऑस्करने स्पेशल इफेक्ट्सचा विभाग पहिल्यांदा ठेवला, तेव्हा 'गॉन विथ द विंड'ला मागे टाकून 'द रेन्स केम' जिंकला, तो भूकंप आणि पुराच्या जोरावर. (त्यातलं काल्पनिक रांचीपूर संस्थान तर आपल्याच देशातलं.)

सुपरवायझर म्हणाला, "अरे, गेले तर बरंच की. मॉडेल कळत नाही."

तीन दिवस मी एकेक मोसंबी परत लावत बसलो.

मग त्याच शॉटमध्ये पूल पाडणारी तार दिसली. सात फ्रेम. थिएटरातल्या प्रिंटवर ती कुणाला दिसली नसणार. आम्ही मूळ निगेटिव्हच 4के, म्हणजे फार बारकाईने, स्कॅन केली, म्हणून उघडी पडली. क्लायंटचा मेल: काढा.

"थेंब ठेवायचे आणि तार काढायची? नियम काय तुझा?" सुपरवायझर हसत होता.

मी म्हटलं, थेंब सिनेमा बनवणाऱ्यांनी पडद्यावर बघितले आणि ठेवले. तार दिसणार नाही याच भरवशावर बांधली. बोलताना मलाही पटलं.

तार काढली, अर्ध्या तासात. परवा मात्र कच्चा स्कॅन उघडून त्या सात फ्रेम पुन्हा बघितल्या. पुलाच्या डाव्या खांबाला गाठ मारलेली आहे, अगदी नीट.