आधी भोकं, मग बिछाने : मिल लॅक्सच्या बर्फावर एक रात्र

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमधले दिवस दादा-वहिनींच्या घरात, दुकानांत आणि त्यांच्या मित्रमंडळींकडच्या जेवणांत गेले. छान गेले. पण लिहायचंय ते तिथून दोनेक तास उत्तरेला असलेल्या मिल लॅक्स तळ्यावरच्या एका रात्रीबद्दल, आणि त्यातही बर्फाखालचे मासे गरवायच्या एका खोपटाच्या जमिनीला पाडलेल्या भोकांबद्दल.

तळं आपलं म्हणायला. पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं पाणी, सगळ्यात खोल जागी 42 फूट. जानेवारीत ते सगळं गोठतं. काठावरचे रिसॉर्टवाले बर्फावरून रस्ते काढतात, मोठे तडे गेले असतील तिथे पूल टाकतात आणि पैसे घेऊन गाड्या आत सोडतात. पायी चालायला किमान 4 इंच बर्फ हवा असं राज्याचं खातं सांगतं. आमच्या वेळी 20 इंच होता. तरी बर्फावर गाडी घालताना दादाने सगळ्यांना पट्टे सोडायला लावले आणि काचा खाली केल्या. उणे वीसमध्ये उघड्या काचा! भाची कुरकुरली, पण मला ते पटलं. पाण्यावर जाताना आमच्याकडचे खारवीसुद्धा असेच सावध असतात.

भाड्याने घेतलेलं खोपटं, म्हणजे तिथल्या भाषेत फिश हाउस, आठ बाय सोळा फुटांचं होतं. चाकांवरचं. जागेवर नेऊन चाकं वर घेतली की जमीन बर्फाला टेकते. गॅसची शेगडी, झोपायला वरखाली चार बंक, टीव्हीसुद्धा. जमिनीत सहा भोकं, झाकणं लावलेली. दादा खूश, मीही खूश. झाकणं उघडून गिरमिटाने, म्हणजे तिथल्या ऑगरने, खालचा बर्फ पाडायला घेतला आणि मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली.

पहिलं भोक दारालगत. दार उघडलं की गार झोत थेट त्यावर. दर थोड्या वेळाने वर साय धरायची आणि झारा घेऊन वहिनी ती काढत बसायची. दुसरं अगदी शेगडीपुढे. तिथे बसलं की पाठ भाजते आणि पाय गारठतात. दोन भोकं खालच्या बंकखाली, म्हणजे कुणी झोपलं की बंद. उरलेली दोन समोरासमोर, हातभर अंतरावर. भाचीच्या गळाला रात्री नवाच्या सुमारास पहिला मासा लागला. तिथला आवडता वॉलआय मासाच होता, कारण खेच जड आणि डोकं झटकणारी. तो गोल फिरला आणि दादाच्या दोरीत गुरफटला. दोन्ही दोऱ्यांचा गुंता होऊन मासा सुटला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी लहानपणी खाडीवर गरवायला जायची, त्यामुळे हातातला मासा सुटला की पोटात काय होतं ते मला माहीत आहे. मला त्या खोपट्याच्या मालकाचा मनापासून राग आला.

सकाळी शेजारच्या खोपटातले आजोबा कॉफी घेऊन आले. सत्तरी ओलांडलेले, फार न बोलणारे. दादाने गाऱ्हाणं सांगितलं तसे ते म्हणाले, माझं बघा चला.

त्यांचं खोपटं आमच्याहून लहान, स्वतः बांधलेलं. प्लायवूडच्या जमिनीला पाच भोकं, आणि एकही सरळ रेषेत नाही. गॅरेजमध्ये त्यांनी आधी नुसती जमीन अंथरली होती. भिंती नव्हत्या. त्यावर खुर्च्या मांडल्या, एकेकाला बसवलं, कोपर मांडीवर टेकवून हातात गळाची काठी दिली. बर्फावरची ती काठी जेमतेम सव्वादोन-अडीच फुटांची. तिच्या टोकापासून ओळंबा सोडला, आणि ओळंबा टेकला तिथे खडूने फुली केली. ज्याचं भोक त्याच्या अंगाप्रमाणे. मग फुल्यांच्या खालून चौकटीचा आडवा बार जात नाही ना हे बघितलं आणि मगच करवत लावली. शेगडी, दार आणि मधली चालायची वाट सर्वांत शेवटी ठरली.

एक फुली इतर सगळ्यांपेक्षा खुर्चीच्या जवळ आणि डावीकडे होती. नात सात वर्षांची, आजोबांनी सांगितलं, आणि डावखुरी. ती मोठी झाली की? मी विचारलं. त्यांनी बाजूची फळी दाखवली. चार स्क्रूंवर बसवलेली, काढून नवी लावता येईल अशी. मी त्या चार स्क्रूंकडे बघतच राहिले. आमच्याकडे अख्खे बंगले इतका विचार न करता बांधतात.

भोकं दहा इंचांची होती. आठ का नाहीत, दादाने विचारलं. वॉलआयला आठ पुरतात, ते म्हणाले, पण कधी मोठा पाइक मासा येतो, आणि खोपटं हवेने तसूभर सरकलं तरी खालचं बर्फातलं भोक अडत नाही. फक्त दोन इंचांचा फरक, पण पाणी दीडपटीहून जास्त उघडं पडतं. म्हणून नात आली की रिकाम्या भोकांवर झाकण असतंच. मिनेसोटात काठीने मासे धरायच्या भोकाला 14 इंचांची मर्यादाही आहे.

भिंतीलगतची दोन भोकं रात्रीसाठी. त्यांच्या वर भिंतीला घुंगरू लावलेली रिळं, मासा ओढायला लागला की खुळखुळतात आणि माणूस जागा होतो. भोक भिंतीपासून वीतभरच, म्हणजे दोरी सरळ खाली पडते आणि बिछान्याच्या कडेवरून हात पोहोचतो. बसायच्या भोकांमध्ये मात्र चार-पाच फूट. त्यांच्या सोनारचा, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, झोत वीस अंशांचा. तीस फूट खोलीवर तो दहा फुटांहून रुंद होतो. शेजाऱ्याचा गळ पडद्यावर दिसणारच, पण निदान दोऱ्या तरी एकमेकींत जाऊ नयेत.

परत आल्यावर दादा आणि मी आमचे खालचे दोन्ही बंक वर दुमडले, समोरासमोरच्या जोडीतलं एक झाकण बंद केलं, शेगडीपुढचं आणि दारालगतचंही बंद केलं. चौघांत तीन भोकं उरली. नियमाने माणशी दोन दोऱ्या चालतात, आमच्या वाट्याला एकेकही आली नाही. दुपारनंतर भाचीला एक वॉलआय मिळाला, सोनेरी, काचेच्या डोळ्यांचा. ठेवायच्या मापात बसत नव्हता, तिनेच ओंजळीत धरून भोकात सोडला.

चावी परत देताना मी मालकाला भोकांबद्दल स्पष्ट विचारलं. लोक आधी बेड किती ते विचारतात, तो म्हणाला. मग जाहिरातीत सहा भोकं असं ठळक छापू नका, तीन छापा, असं मी त्याला सांगितलं. दादाने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं की सौम्य करून, हे मी वहिनीला अजून विचारलेलं नाही.