अळवावरचं पाणी

आज दुपारी वड्यांसाठी अळू धुवायला घेतलं, नळ सोडला आणि सगळं पाणी पानावरून उडून माझ्याच कुर्त्यावर. पान कोरडं, मी ओली. दरवेळी हेच होतं, तरी दरवेळी नळ तेवढाच जोरात सोडते.

आमच्याकडे न्हाणीचं सांडपाणी जायचं तिथे अळू माजलेलं असायचं. सुट्टीत आम्ही पोरं पानावर थेंब टाकून पाऱ्यासारखा खेळवायचो, विहिरीपासून पायरीपर्यंत न सांडता आणायची शर्यत, आणि माझा थेंब कायम औदुंबरापाशीच घरंगळायचा. अख्खं पान बादलीत बुडवलं की पाण्यात ते चांदीसारखं चमकायचं, बाहेर काढलं की पुन्हा कोरडं ठणठणीत! आजी ओरडायची, खाज सुटेल मेल्यांनो.

ती चांदी म्हणजे हवा असते हे फार नंतर कळलं. पानावर बारीक उंचवटे आणि त्यांच्यावर मेणाचे कण, केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक, थेंब नुसता त्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवाच हवा. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या बार्टलॉट आणि नाइनहुईस यांनी 1997 मध्ये कमळाच्या पानावर हे नीट दाखवलं, घरंगळताना थेंब धूळही घेऊन जातो ते, नाव पडलं लोटस इफेक्ट. त्यांच्या यादीत अळूही होतं, पण नाव मिळालं कमळाला. अळवाचं नशीब फतफत्यातच.

एवढ्या बारीक पातळीवर गेलं की वस्तू काय आहे यापेक्षा तिची कड काय करते यालाच जास्त भाव, असं दिसतं. सोनं घ्या, एरवी 1064 अंश सेल्सियसला वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन दशलक्षांश भागाएवढा कण केला की कितीतरी आधीच गळपटतं. कारण जवळपास निम्मे अणू कडेलाच. एसटीच्या दारात लटकलेल्यांसारखे, आतल्यांना चहूबाजूंनी दाबून धरायला माणसं असतात, यांना एकाच बाजूने. एवढ्या छोट्या गाडीत निम्मी माणसं दारातच म्हटल्यावर काय होणार. आणि ते मोकळे हात स्वस्थही बसत नाहीत, जपानमध्ये हारुता या रसायनशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये दाखवलं की असे सोन्याचे कण धातूच्या योग्य ऑक्साइडवर बसवले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शून्य अंशाच्या खालच्या तापमानालाही जाळून टाकतात. सोनं! ज्याला गंजबिंज काही म्हणजे काही लागत नाही म्हणून आपण ते लग्नात घालतो.

असो, बेसन कालवायचं राहिलंय.

अंगठ्याचं मात्र सांगायलाच हवं. पानावर अंगठा जोरात घासला की ती निळसर झाक जाते, मेण पुसलं जातं, आणि तिथे पाणी पसरून चिकटतं. हे मला त्या शाळकरी वयातच सापडलं होतं. आजोबा गेले त्या दिवशी ओटीवर कुणीतरी म्हणालं, आयुष्य म्हणजे अळवावरचं पाणी हो, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या दारी गेले, हाताला लागेल ते पान धरून मधोमध अंगठ्याने घासत बसले, कुणी हाक मारली तरी उठले नाही, आणि मग तांब्यातलं थोडं पाणी त्यावर ओतलं.

राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत तरी होतं.